मदत हवी आहे: हॉर्न स्पीकरच्या खोक्यात आतून काय लावू?

नमस्कार मंडळी,

चार इंची फुलरेंज ड्रायव्हरसाठी (खालचे-वरचे सगळे सूर एकटाच काढणारा स्पीकर) बॅक-लोडेड हॉर्नची, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठचा आवाज रुंदावत जाणाऱ्या नळीतून बाहेर सोडणाऱ्या खोक्यांची जोडी घरीच बनवली आहे. १८ मिमी मरीन प्लाय, ड्रायव्हरमागचं चेंबर २२ सेमी खोल, आतून काहीच लावलेलं नाही. डग्गा मस्त घुमतो. रडगाणं आहे ते माणसाच्या आवाजाचं: बातम्या देणारा पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटतं.

चेंबरमध्ये एक पंचा सैलसर कोंबून पाहिला. पिंप गेलं, पण डग्ग्याचा जीवही गेला. तोच पंचा अर्धा करून मागच्या भिंतीला टाचला, तर डग्गा परतला आणि थोडं पिंपही.

राहतो रत्नागिरीला, त्यामुळे निम्मे पर्याय पावसाळाच बाद करतो. फोमचा दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो, कापूस ओल धरून खाली बसतो. ग्लासवूलचे तंतू हॉर्नमधून खोलीत येतील, घरात रांगतं मूल आहे, म्हणून ती नकोच. जुनी घोंगडी आहे, पण ती कापायला आईचा सक्त विरोध, शिवाय कसर लागायची भीती.

तर फेल्ट (तंतू दाबून केलेलं जाड कापड) घेऊ की उशीत भरतात ते पॉलिएस्टर? हॉर्नच्या नळीतही लावायचं का? आणि गाडीच्या दाराला लावतात त्या बिटुमेन शीटचं काय?

प्रतिसाद:

बिटुमेन प्लायची थरथर मारतं, आतल्या हवेतला आवाज नाही. खोकं बोटाने ठोकून पाहा, कोरडा 'टक्' आला तर पैसे वाचवा.

२२ सेमीवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण ७८० हर्ट्झला स्टँडिंग वेव्ह (भिंतींमध्ये मागे-पुढे आपटून जागच्या जागी घुमणारी आवाजाची लाट) उभी राहते. तुमचं पिंप बहुधा तेच. तिथे भिंतीलगत हवा जवळपास हलतच नाही, सगळ्यात जास्त हलते ती मधोमध, ११ सेमीवर. त्यामुळे भिंतीला चिकटवलेलं सेंटिमीटरभर फेल्ट तिला फारसं धरणार नाही. पॉलिएस्टर घ्या, पिंजून मोकळं करा आणि जाळीत बांधून मागच्या भिंतीपासून मध्यापर्यंत येईल असं टांगा. ड्रायव्हरची पाठ आणि हॉर्नचा थ्रोट (नळीचं चेंबरकडचं अरुंद तोंड) मोकळा ठेवा. थ्रोटमध्ये हवेचा वेग जास्त असतो, तिथे मूठभर फायबरही बासचा गळा दाबतं. नळीत फार तर पहिल्या वळणाच्या कोपऱ्यात फेल्टचा तुकडा, बाकी काही नको.

डिंक लावू नका, स्टेपल मारा, म्हणजे कमी-जास्त करता येईल. आणि दोन्ही खोक्यांत माल वजन करून सारखाच भरा.