मदत हवी आहे: अमेरिकेत शिकायला जाताना फोनची काय तयारी करावी?

सदाफुली
भाची ऑगस्टमध्ये एमएससाठी रॅलीला (नॉर्थ कॅरोलायना) चालली आहे. बॅगांच्या याद्या झाल्या, फोनबद्दल मात्र रोज कोणीतरी वेगळंच सांगतंय. नेमके प्रश्न असे:
१. मागच्या वर्षी पुण्यात घेतलेला अँड्रॉइड फोन तिकडे चालेल का? दुकानदार म्हणाला, अनलॉक्ड आहे (एका कंपनीच्या सिमला बांधलेला नाही), जगात कुठेही चालेल.
२. बँकेचे ओटीपी तिच्या इथल्या नंबरवर येतात. तो नंबर चालू कसा ठेवायचा?
३. तिकडचं सिम इथूनच घ्यावं की उतरल्यावर?
४. साताऱ्याला आजीकडे फक्त लँडलाइन आहे. तिला फोन कसा लावायचा?

तारमास्तर
पहिल्याचं उत्तर देतो. दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

अमेरिकेत स्वतःचे टॉवर असलेल्या मोठ्या कंपन्या तीन: एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल. मिंट, टेलो, व्हिजिबल, क्रिकेट वगैरे नावं यांच्याच जाळ्यावर चालतात. तिन्ही कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. त्यामुळे साधा कॉलही आता व्होल्टीवरूनच (म्हणजे फोरजीच्या जाळ्यावरून) जातो आणि एखाद्या फोनचं व्होल्टी स्वीकारायचं की नाही हे कंपनी ठरवते. एटी अँड टी याबाबत सगळ्यात कडक, त्यांच्या मान्य यादीत मॉडेल नसेल तर विषय संपला. टी-मोबाइल त्या मानाने सैल.

यातून गंमत अशी होते की नेट आणि व्हॉट्सअॅप व्यवस्थित चालतं, म्हणून सिम ठीक आहे असं वाटतं आणि साधा कॉल मात्र लागत नाही. मुलं आठवडाभर सेटिंग खोदत बसतात, पण सेटिंगमध्ये काही चुकलेलंच नसतं.

म्हणून आजच *#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) दिसेल, दोन सिमचा फोन असेल तर दोन दिसतील. दोन्ही लिहून घ्या. त्याच पडद्यावर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनला ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच भरायचं सिम) चालतं. मग ज्या कंपनीचा प्लॅन घ्यायचा तिच्या साइटवर 'आपला फोन आणा' या पानावर आयएमईआय टाकून पाहा.

दुसरी गोष्ट बँड, म्हणजे फोन पकडतो ते लहरींचे पट्टे. त्याच मॉडेलचे भारतातले बँड उत्पादकाच्या साइटवर मिळतात. टी-मोबाइलसाठी २, ४, १२, ६६, ७१, व्हेरायझनसाठी २, ४, ५, १३, ६६ पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त फोनांत १२, १३ आणि ७१ नसतात. हे ६०० ते ७०० मेगाहर्ट्झचे बँड भिंतींतून आत शिरतात. ते नसतील तर रस्त्यावर सगळ्या दांड्या भरलेल्या आणि तळघरातल्या लॅबमध्ये शून्य.

कोथिंबीरवडी
ओटीपीचं मी सांगते, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

निघण्याआधी इथल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. रोमिंग आणि डेटा रोमिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं चालू, दुसरं फोनच्या सेटिंगमध्ये बंद. रोमिंगवर आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण आलेला कॉल उचलला की पडतात. ओटीपी वाचा, कॉल उचलू नका. मोबाइल डेटासाठी कायम अमेरिकन सिम निवडा आणि दोन सिममध्ये डेटा आपोआप बदलण्याची सोय बंद ठेवा. आयफोन असेल तर आयमेसेज आणि फेसटाइम भारतीय नंबरवर चालू करू नका. ते चालू होताना फोन गुपचूप आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो.

पोस्टपेड असेल तर प्रीपेड करून घ्या आणि वर्षाचं रिचार्ज मारा. रिचार्ज संपल्याचा मेसेज सेमिस्टरच्या धांदलीत कोणी वाचत नाही, म्हणून तारीख घरातल्या कोणाच्या तरी कॅलेंडरवर हवी.

सिम घरी ठेवून आईकडून ओटीपी विचारायचा, हा उपाय बरेच लोक सांगतात. करू नये. यूपीआय अॅप ज्या फोनमध्ये ते सिम आहे तिथेच बांधलेलं असतं. शिवाय तिकडे पहाटेचे दोन वाजले असताना आई मीटिंगमध्ये असते. ओटीपी ईमेलवरही पाठवायची सोय बँकेत असेल तर निघण्याआधी ती चालू करा.

भारतीय सिम हरवलं तर दुसरं काढायला सहसा ओळख पटवायला इथे हजर असावं लागतं. म्हणून भारतीय सिम प्लास्टिकचंच ठेवा, अमेरिकन नंबर ई-सिमवर घ्या. आणि एक सावधगिरी: आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा खणच नाही. तिकडे स्वस्त मिळतो म्हणून घेतला तर हे प्लास्टिकचं सिम घालायचं कुठे?

व्हॉट्सअॅपचा नंबर घाईने बदलू नका. भारतीय सिम फोनमध्ये चालू असेल तर ते तिकडेही चालतं. फोन बदलला किंवा अॅप पुन्हा टाकलं तरच कोड मागतं.

खिडकीजवळचा
@कोथिंबीरवडी, यूपीआयबद्दल थोडी भर. शिकायला बाहेर गेलेली व्यक्तीही अनिवासी धरली जाते, तेव्हा साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यावं लागतं. २०२३ पासून एनआरओ आणि एनआरई (अनिवासींचं दुसऱ्या प्रकारचं खातं) खात्यांना अमेरिकेसह काही ठरावीक देशांचे नंबर यूपीआयसाठी जोडायची परवानगी आहे. बँकेने ती सोय दिलेली असेल तर निम्मी डोकेदुखी जाते. निघण्याआधी शाखेत विचारून घ्या.

आता सिम. पहिला महिना प्रीपेडच. त्याला सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडचा सरकारी ओळख क्रमांक) लागत नाही, पोस्टपेडला तो आणि क्रेडिटचा इतिहास दोन्ही विचारतात, आणि नवीन मुलाकडे दोन्ही नसतात. ई-सिम इथून विकत घेऊन ठेवता येतं, पण सुरू तिथे उतरल्यावर करा, महिना त्या दिवसापासून मोजतात. सुरू करायला वायफाय लागतं, ते विमानतळावर मिळतं. ई-सिमचा क्यूआर कोड त्याच फोनमध्ये ठेवलात तर स्कॅन कशाने करणार? कागदावर छापून न्या.

पैसे भरताना भारतीय कार्ड नाकारलं जातं, त्याची कारणं बहुतेक दोनच. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या अॅपमधून चालू करा. आणि तिथला झिप कोड पाच आकडी, आपला पिन सहा आकडी, त्यामुळे पत्त्याची पडताळणी फसते. दुसरं कार्ड किंवा पेपाल जवळ ठेवा.

'अनलिमिटेड'ला भुलू नका. ठरावीक जीबीनंतर गर्दीच्या वेळी वेग कमी करतात आणि हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी असते. वर्षभराचा प्लॅन महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडतो खरा, पण तिच्या खोलीत आणि विभागाच्या इमारतीत सिग्नल मिळतो का हे कळल्याशिवाय बारा महिन्यांचे पैसे अडकवू नका.

चार रूममेटनी मिळून फॅमिली प्लॅन घेणं स्वस्त असतं, मात्र खातं एकाच्या नावावर असतं. बाहेर पडताना नंबर न्यायचा तर खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. आणि नंबर नवीन कंपनीकडे पोचेपर्यंत जुनी सेवा बंद करायची नाही, नाहीतर नंबर जातो.

बँक खातं उघडायला जाताना खरा मोबाइल नंबर हवा. गूगल व्हॉइससारखे इंटरनेटवरचे नंबर बऱ्याच बँका कोडसाठी घेत नाहीत. म्हणजे क्रम असा: आधी सिम, मग बँक. युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवरही नवा नंबर टाका.

वायफाय कॉलिंग (सिग्नल नसताना वायफायवरून साधा कॉल) चालू करताना ९११ साठी, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरासाठी, पत्ता विचारतात. खोली बदलली की तोही बदला. तळघरातून मदत मागायची वेळ आली तर रुग्णवाहिका जुन्या पत्त्यावर जायला नको.

सदाफुली
केवढी माहिती! आणि आजीचा लँडलाइन? भाची म्हणते, कॉन्टॅक्ट तर सगळे फोनमध्ये आहेतच.

काजवा
तेच कॉन्टॅक्ट गोंधळ घालतात. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, अमेरिकेतलेही दहाच आकडी. +९१ न लावता सेव्ह केलेला ९७२ ने सुरू होणारा नंबर तिकडच्या सिमवरून लावला तर फोन डॅलसला लागू शकतो, आणि ९१९ ने सुरू होणारा तर खुद्द रॅलीतच वाजेल! निघण्याआधी सगळ्या नंबरांना +९१ लावून टाका. त्याने भारतातही काही बिघडत नाही.

साताऱ्याचा एसटीडी कोड ०२१६२. परदेशातून लावताना सुरुवातीचं शून्य गळतं: +९१ २१६२ आणि पुढे आजीचा सहा आकडी नंबर. +९१ ०२१६२ असं लावाल तर लागणार नाही. मोबाइलवर + पुरतं. लँडलाइनवरून लावायचं तर + ऐवजी ०११, म्हणजे ०११ ९१ २१६२ वगैरे.

विभागातल्या टेबलावरच्या फोनवर मात्र जपून. अनेक कचेऱ्यांत बाहेरची लाइन घ्यायला आधी ९ दाबतात, मग ०११ ९१. घाईत शून्य सुटलं की होतं ९११, आणि पलीकडे आणीबाणीचा ऑपरेटर. चुकून लागलाच तर ठेवून देऊ नका. 'चुकून लागला, सगळं ठीक आहे' एवढं सांगा. ठेवून दिलात तर ते परत फोन करतात, कधी पोलीसही दारात येतात. बऱ्याच अँड्रॉइडवर पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की आणीबाणीचा कॉल जातो, ते सेटिंगही पाहून ठेवा.

व्हॉट्सअॅपवरून लँडलाइन वाजत नाही आणि स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं. 'आंतरराष्ट्रीय कॉल मोफत' लिहिलेल्या प्लॅनमध्ये पुष्कळदा फक्त कॅनडा आणि मेक्सिको असतात. देशांच्या यादीत भारत आहे का आणि लँडलाइन धरली आहे का, दोन्ही पाहा. भारतातल्या बँकांचे १८०० चे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. बँकेचा +९१ वाला नंबर शोधून ठेवा.

वेळ: उन्हाळ्यात रॅली भारताच्या साडेनऊ तास मागे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा तास. आजीचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे आधी सकाळचे दहा, नंतर नऊ.

कोथिंबीरवडी
काजवा, मिस्ड कॉल राहिला. आपल्याला परत फोन करायची सवय. ८७६ (जमैका) किंवा ४७३ (ग्रेनाडा) हे नंबरही +१ नेच सुरू होतात, अमेरिकेतलेच वाटतात. भामटे एक रिंग देऊन ठेवतात, परत लावलात की आंतरराष्ट्रीय दराने बिल. अनोळखी नंबर वाजू द्या, काम असेल तो व्हॉइसमेल ठेवेल. पण त्यासाठी व्हॉइसमेल लावलेला हवा: नंबर लागल्या दिवशी डायलरवर १ दाबून धरा, पिन ठरवा, नाव रेकॉर्ड करा. नोकरीसाठी फोन करणारे तिथेच निरोप ठेवतात.

'इमिग्रेशनमधून बोलतोय, व्हिसा रद्द होईल, गिफ्ट कार्डने पैसे भरा' असा फोन आला तर सरळ ठेवायचा. पडद्यावर दूतावासाचा नंबर दिसला तरी. तो खोटा दाखवता येतो. शंका असेल तर युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला स्वतः फोन लावून विचारायचं.

सदाफुली
आत्ताच तपासलं. टी-मोबाइलच्या साइटवर 'चालेल' आलं, एटी अँड टीच्या 'नाही'. फोनमध्ये ईआयडी दिसतोय. बँड १२ आहे, ७१ नाही.

तारमास्तर
मग मिंट किंवा टेलो पाहा, दोन्ही टी-मोबाइलवर चालतात. क्रिकेट नको, ते एटी अँड टीचं. बँड १२ आहे म्हणजे शहरात भागेल. ७१ ची उणीव गावाबाहेर हायवेवर जाणवेल. एक महिन्याचं ई-सिम घ्या आणि पहिल्याच आठवड्यात तिला लॅबमधून एक साधा कॉल लावून पाहायला सांगा, व्हॉट्सअॅपवरून नव्हे.