मधुमेहात हाडांची घनता बरी असूनही हाड का मोडते?

प्रश्न (फोंडा): माझ्या आईचे वय 67 असून तिला बऱ्याच वर्षांपासून टाइप 2 मधुमेह आहे. पावसात पडवीच्या पायरीवरील शेवाळावरून पाय घसरून ती जागीच बसली आणि तेवढ्यानेच तिचा उजवा खुबा मोडला. नंतरच्या डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा, उणे 1.8 आला; म्हणजे अहवालानुसार ऑस्टिओपोरोसिस (हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा आजार) नाही. मग हाड मोडले कसे, आणि हाडांसाठी औषध नकोच असे समजावे का?

उत्तर (बांबोळी): मधुमेही रुग्णांच्या हाडांचा ठिसूळपणा हाच माझ्या संशोधनाचा विषय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. डेक्सा हाडात खनिज किती आहे ते मोजते; ते खनिज ज्या कोलॅजनच्या जाळ्यावर बसलेले असते, त्या जाळ्याची अवस्था मात्र तिला दिसत नाही. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की ती कोलॅजनला चिकटते, पेंटोसिडिनसारखे पदार्थ तयार होऊन तंतू एकमेकांशी जखडले जातात आणि आघात झाल्यावर किंचित वाकून तो पचवण्याची हाडाची ताकद घटते. त्यातच मधुमेहात जुने हाड झिजून नवे घडण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे हे खराब झालेले कोलॅजन लवकर बदलले जात नाही. ज्यांची हाडे मोडली आहेत अशा काही मधुमेहींमध्ये हाडाचे बाहेरचे कठीण कवच सच्छिद्र झालेलेही आढळते.

अस्थिभंगाचा धोका वर्तवणाऱ्या 2008 सालच्या फ्रॅक्स गणनेत टाइप 2 मधुमेहाचा वेगळा विचार नसल्याने धोका कमी दिसतो. म्हणून टी-स्कोअरमधून 0.5 वजा करून हिशेब करण्याची पद्धत आहे. त्याप्रमाणे आपल्या आईंचा आकडा उणे 2.3 होतो. तथापि माझ्या मते इथे आकडा दुय्यम आहे. साध्या पडण्याने खुबा मोडणे हेच ऑस्टिओपोरोसिसच्या निदानाला पुरेसे असते, तेव्हा औषधाचा विषय डॉक्टरांकडे आपण होऊन काढा. त्यापूर्वी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि विशेषतः क्रिएटिनिन तपासले जाईल, कारण मूत्रपिंड अशक्त असल्यास काही औषधे देता येत नाहीत.

उत्तर (म्हापसा): मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाडाइतकाच पडण्याचाही विचार व्हावा. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि आईंच्या ते लक्षातच येत नाही, असे होते का? होत असेल तर तळपायाची संवेदना कमी झाली आहे. रात्री साखर उतरून घाम येतो का, तेही पाहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मधील अहवालात मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, म्हणजे 26.4 टक्के, गोव्यात आढळले होते. असे असताना प्रत्येक मधुमेही ज्येष्ठाचा तोल तपासला जायलाच हवा.

प्रश्नकर्ती: चप्पल निसटते, हे अगदी खरे आहे. तिच्या मधुमेहाच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोनही आहे.

उत्तर (बांबोळी): त्या गोळीमुळे स्त्रियांमध्ये अस्थिभंगाचे प्रमाण वाढलेले दिसले आहे. स्वतःहून ती बंद करू नका, पण पुढच्या भेटीत डेक्साच्या अहवालासोबत गोळ्यांची पूर्ण यादी घेऊन जा आणि पर्यायी औषधाबद्दल स्पष्ट विचारा.