रेणुसूत्रं घोकून न घेता कशी शिकवावीत?

नवखा_पालक: मुलीला अणू, रेणू, संयुजा (अणूची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता) यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. ॲल्युमिनिअम ऑक्साइडचं रेणुसूत्र लिही म्हटलं, की अंदाजपंचे कारभार. सूत्रांची यादी पाठ करून घ्यावी का? डाल्टनचा अणुसिद्धांत आधी घ्यावा की नंतर?

काचपात्र: यादी अजिबात नको. पाठ करायचीच तर मूलकं, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, प्रभारासकट. सोडिअम, पोटॅशिअम, अमोनिअम अधिक एक; मॅग्नेशिअम, कॅल्शिअम अधिक दोन; ॲल्युमिनिअम अधिक तीन. क्लोराइड, नायट्रेट, हायड्रॉक्साइड उणे एक. ऑक्साइड, सल्फेट, कार्बोनेट उणे दोन. फॉस्फेट उणे तीन. आयनिक संयुगात, म्हणजे अशा प्रभारित कणांच्या संयुगात, एकूण प्रभार शून्य व्हायला हवा, बस. ॲल्युमिनिअमचे तीन आणि ऑक्साइडचे दोन सहावर जुळतात, म्हणून ॲल्युमिनिअम दोन, ऑक्सिजन तीन. हे तिचं तिला जुळवू द्या.

झटपट_रसायन: एवढा खटाटोप कशाला? संयुजांचा तिरकस गुणाकार करायचा, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहायची, झालं काम.

काचपात्र: वेळ वाचतो, कबूल. पण कॅल्शिअम ऑक्साइडला त्यातून दोन-दोन येतात, मग दोनाने भाग द्यावा लागतो. एकदा ती सवय लागली की पोरं दिसेल त्याला भाग देत सुटतात! हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन्हींचे दोन-दोन अणू असतात, ते तसेच ठेवायचे. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडला भाग दिलात तर उत्तर नायट्रोजन डायऑक्साइड येतं. हा तपकिरी वायू, तो रंगहीन, पदार्थच वेगळा. अधातू-अधातूंच्या संयुगांत नावातले मोनो, डाय, टेट्रा वाचायचे.

जुनी_वही: कंसाचंही बघा. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडमध्ये ‘ओएच’ कंसात, दोन कंसाबाहेर. कंस गाळला तर तो दोन एकट्या हायड्रोजनला चिकटतो आणि ऑक्सिजन एकच उरतो.

डाल्टन मी नंतर घेईन, पण घेईन नक्की. १८०८ साली त्याने सिद्धांत सविस्तर मांडला तेव्हा पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचाही एकच अणू धरला होता. वजनाचं प्रमाण मोजता येत होतं, अणूंची संख्या कोणाला दिसणार? त्यामुळे त्याच्या तक्त्यात ऑक्सिजन हायड्रोजनच्या सातपट जड; आपण सोळापट मानतो. हा घोळ निस्तरायला १८६० ची रसायनशास्त्रज्ञांची कार्ल्सरूची परिषद आणि रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारोची अणुभारांची मांडणी यावी लागली. मूलद्रव्यांना अक्षरांच्या संज्ञा दिल्या बर्झेलियसने. डाल्टन वर्तुळं काढायचा.

नवखा_पालक: अमोनिअम सल्फेट देऊन बघितलं. तिने अमोनिअम कंसात टाकून बाहेर दोन लिहिले, सल्फेटला कंसच नाही. बरोबर ना?

काचपात्र: अगदी बरोबर, सल्फेट एकच आहे. आता नुसतं ‘आयर्न क्लोराइड’ म्हणा आणि गप्प बसा. आयर्न दोनचं की तीनचं, हे ती उलट विचारते का बघा.