लोकप्रिय गाण्यांचा मुख्य प्रवाह कधी आटेल का? आपापले अनुभव सांगा

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे महाराष्ट्रात, निदान शहरांत, ज्याला सर्वांच्या तोंडचे गाणे म्हणावे ते नाट्यपदच होते. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि त्यानंतर नाटक मंडळ्या एकामागून एक बंद पडत गेल्या. नाट्यपदे नाहीशी झाली नाहीत. ती मैफलींत गेली, स्पर्धांत गेली. मात्र पाणी भरताना सहज गुणगुणावे असे स्थान त्यांना उरले नाही. ते स्थान चित्रपटगीताने घेतले आणि आज नव्वद वर्षे होत आली तरी सोडलेले नाही.

तेही एक दिवस असेच बाजूला होईल का, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे. ‘आमच्या वेळची गाणी चांगली होती’ हा वाद इथे नको. तुमच्या डोळ्यांदेखत एखादे गाणे, किंवा गाण्याची एखादी सवयच, सर्वांच्या ओठांवरून उतरली असेल किंवा सगळ्यांना चकवून टिकली असेल, तर तो अनुभव सविस्तर लिहावा.

सातारा, निवृत्त शिक्षिका

आमच्या घरी रेडिओ १९६४ मध्ये आला. त्याचा परवाना दर वर्षी पोस्टात जाऊन नवा करून आणावा लागे आणि ते काम वडील एखाद्या व्रतासारखे करत. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ लागत असे. १९५२ साली आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली आणि त्याच वर्षी हा कार्यक्रम परदेशी केंद्रावरून सुरू झाला. १९५७ मध्येच विविध भारती आलेली होती, तरी बुधवारची ती वेळ आम्ही कधी चुकवली नाही. लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा जवळ यायचा आणि लांब जायचा. पावसाळ्यात तर मी एरियलची तार हातात धरून खुर्चीवर उभी राहत असे आणि धाकटा भाऊ वहीत गाण्यांची ‘पायदाने’, म्हणजे लोकप्रियतेचे क्रमांक, उतरवून घेत असे.

मला खरे सांगायचे आहे ते गुरुवारविषयी. गुरुवारी सकाळी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभे राहता राहता प्रत्येकीच्या तोंडी एकच प्रश्न असे, पहिल्या पायदानावर काल कोणते गाणे होते? ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांनीही ते शेजारच्या खिडकीखाली उभे राहून ऐकलेले असे. माझी आई याच्याही आधीची गोष्ट सांगायची. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांनी (ग. दि. माडगूळकर) लिहिलेली आणि बाबूजींनी (सुधीर फडके) स्वरबद्ध केलेली ती छप्पन्न गीते वर्षाहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक याप्रमाणे येत गेली आणि प्रक्षेपणाच्या वेळी आमच्या आळीत कोणी कोणाकडे कामासाठीसुद्धा जात नसे. त्यातली गाणी आजही ऐकू येतात. सगळ्या गावाने एकाच घटकेला एकच गाणे ऐकणे मात्र माझ्या पाहण्यात संपले, आणि त्याची हळहळ मला गाण्यांपेक्षाही अधिक वाटते.

जळगाव, पूर्वी कॅसेटचे दुकान

मी १९८६ ते २००९ अशी तेवीस वर्षे कॅसेटचे दुकान चालवले. कंपन्यांच्या कॅसेट विकत होतोच, पण गर्दी असे ती ‘भरून घेण्यासाठी’. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी देऊन जायचे आणि दोन दिवसांनी न्यायला यायचे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य नव्हते, हे मी मान्य करतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला अर्धा तास, म्हणजे साधारण सहा गाणी बसत. सहावे गाणे मध्येच तुटले तर गिऱ्हाईक नाराज होई, म्हणून मी प्रत्येक गाण्याची मिनिटे-सेकंद एका वहीत टिपून ठेवली होती आणि चिठ्ठीतला क्रम त्या हिशेबाने बदलून घेत असे.

त्या चिठ्ठ्यांनी मला पुष्कळ शिकवले. एखाद्या वर्षी गाजलेल्या चित्रपटाची गाणी शंभरांतल्या नव्वद चिठ्ठ्यांवर असत आणि दिवाळी उलटली की ती बघता बघता गळत. परंतु बहुतेक चिठ्ठ्यांच्या शेवटी एक गाणे असे येई, ज्याचा वरच्या अकरांशी काही संबंध नसे. कोणाचे प्रल्हाद शिंद्यांचे भक्तिगीत, कोणाचे आईच्या आवडीचे अहिराणी गाणे, तर कोणाचे वीस वर्षांपूर्वीचे एखादे द्वंद्वगीत. वरची अकरा जगाची असत आणि बारावे घरचे असे. ही बारावी गाणी मला वर्षानुवर्षे तीच ती दिसत राहिली.

पुढे एमपीथ्रीच्या सीडी आल्या, एकीत शंभर-दीडशे गाणी मावू लागली आणि नंतर मोबाइलची मेमरी कार्डे आली. तेव्हापासून चिठ्ठी बंद झाली. मुले कार्ड काउंटरवर ठेवून म्हणत, “काका, दोन जीबी भरून द्या.” कोणती गाणी हवीत असे विचारले तर, “जी चालू आहेत ती.” आपल्याच खिशात कोणती गाणी आहेत हे ज्याला ठाऊक नाही असे गिऱ्हाईक मी तेव्हा प्रथम पाहिले. गाणी वाढली, विक्रीही काही काळ वाढली, पण त्या दिवसापासून धंद्यातून माझे मन उठले.

मुंबई, वादकाची मुलगी

माझे वडील मूळचे गोव्याचे. चर्चच्या शाळेत ते स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकले आणि मुंबईला येऊन त्यांनी अनेक वर्षे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवले. त्या काळी अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा गोव्याच्याच मंडळींनी गाण्यांचे संयोजन करायचे, स्वरलिपीचे कागद लिहायचे आणि आमच्या वडिलांसारख्यांनी ते समोर ठेवून वाजवायचे, अशी रीत होती. गायक, वादक, सगळे एकाच वेळी ध्वनिमुद्रित होत. एकाने चूक केली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. तबकडीच्या वेष्टनावर संगीतकाराचे, गीतकाराचे आणि गायकाचे नाव असे, वडिलांचे कधीच नसे.

सिंथेसायझर आला आणि चाळीस व्हायोलिनांचे काम एक माणूस करू लागला. वडिलांना महिन्यात वीस शिफ्ट मिळत त्या आठ झाल्या, मग दोन, आणि एका वर्षी दूरध्वनी वाजायचाच थांबला. लोकप्रिय संगीत त्या काळात आटले नव्हते, उलट पूर्वीपेक्षा जोरात चालले होते. म्हणून हा धागा सुरू करणाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रवाह राहील का हे विचारताना, तो वाहता ठेवणारे कोण राहतील, हेही विचारावे. वडील गेल्यानंतर एकदा टॅक्सीत एक जुने गाणे लागले. दुसऱ्या अंतऱ्याआधी व्हायोलिनची एक चढती ओळ आहे, ती ते घरी वाजवून दाखवत आणि शेवटच्या स्वराला हनुवटी किंचित उचलत. चालक ती ओळ शिट्टीवर वाजवत होता, एकही स्वर न चुकवता.

पुणे, गृहिणी

आमच्या एकत्र कुटुंबात गौरी जेवल्यानंतर रात्री अंताक्षरी होते. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा अडली. मुलांना गाणी येत नव्हती असे मुळीच नाही. त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी अधिक गाणी येत होती, जुनीही येत होती. पण रील्समध्ये गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा मधलाच तुकडा वाजतो, त्यामुळे त्यांना मुखडा ठाऊक नव्हता. ‘म’ अक्षर आले की त्यांना अंतऱ्यातली ओळ आठवे आणि गाणे कुठून सुरू होते हे एकालाही सांगता येत नसे. माझ्या मुलीच्या कानात कोरियन गाणी असतात, त्यासाठी ती कोरियन लिपी वाचायलाही शिकली, आणि त्या चिकाटीचे मला मनापासून कौतुक आहे. त्या गाण्यांना अंताक्षरीत कुठे बसवायचे, हे मात्र कोणालाच कळले नाही. शेवटी सासूबाईंनीच नियम बदलला आणि गाण्यातली कोणतीही ओळ चालेल असे ठरले. साताऱ्याच्या बाईंनी जे संपले म्हणून लिहिले आहे, ते त्या रात्री आमच्या घरी तासभर परत आले होते, असे मला वाटते.

कोल्हापूर जिल्हा, ट्रॅक्टरचालक

गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना झोप आली तर जीव जाऊ शकतो. म्हणून गाणी मोठ्याने लागतात; लोकांना त्रास होतो याची मला जाणीव आहे. नवी गाणी मी दिवसा ऐकतो. रात्री दोन वाजता कुमार सानू आणि अलका याज्ञिकच लागतात, कारण ती गाणी तोंडपाठ आहेत आणि बरोबरीने म्हणत गेले की डोळा लागत नाही.

सांगली, बँडमधील क्लॅरिनेटवादक

वडिलांपासून आमचा लग्नाचा बँड आहे. वरात दारात आली की आजही ‘बहारों फूल बरसाओ’ वाजवावेच लागते. ते गाणे १९६६ चे आहे. नवरदेवाचा जन्म त्यानंतर तीस वर्षांनी झालेला असतो आणि चित्रपट त्याने बहुधा पाहिलेला नसतो. २०१६ साली ‘झिंगाट’ आले तेव्हा एका वरातीत ते अकरा वेळा वाजवायला लावले आणि माझा ओठ फुटला. त्या हंगामात वाटले होते की आता दुसरे काही वाजवावे लागणार नाही.

आमच्याकडे सरगमची एक जाड वही आहे. नवे गाणे आले की मोबाइलवर दहा-बारा वेळा ऐकून त्याचे स्वर मी त्यात उतरवतो, ते पेन्सिलने. तीन लग्नसराया लोकांनी मागितले तरच ते पेनने पक्के करायचे, नाहीतर खोडून त्याच पानावर दुसरे लिहायचे, हा वडिलांनी घालून दिलेला नियम आहे. काही पाने इतक्या वेळा खोडली गेली आहेत की कागद झिरझिरीत झाला आहे. वडिलांच्या हातची पेनने लिहिलेली एकोणतीस गाणी आहेत, माझ्या हातची आतापर्यंत सात. ‘झिंगाट’ मी २०१९ मध्ये पेनने लिहिले. या वर्षीची चार गाणी अजून पेन्सिलीत आहेत.