मोठी प्रणाली नव्याने लिहावी की तिच्यातच बदल करत राहावे?

संहिताकार (मूळ मांडणी)

चालू असलेली मोठी प्रणाली मोडीत काढून ती पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिण्याचा निर्णय बहुतेक वेळा चुकीच्या निदानातून घेतला जातो, असे माझे मत आहे. जुना कोड किचकट दिसला की आधीच्या मंडळींनी तो नीट लिहिला नाही, असा निष्कर्ष काढला जातो आणि आपण तो नीट लिहू, असे गृहीत धरले जाते. परंतु गुंता मुळात कशामुळे वाढतो हे तपासले, तर नवी प्रणालीही त्याच वाटेने जाणार हे ध्यानात येते.

हा प्रश्न पद्धतशीरपणे अभ्यासणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक म्हणजे मेअर लेहमन. १९६९ मध्ये, आयबीएममध्ये असताना, त्यांनी प्रोग्रॅमिंगच्या प्रक्रियेवर एक अहवाल लिहिला आणि पुढे लास्लो बेलाडी यांच्यासह ओएस/३६० या कार्यप्रणालीच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांची आकडेवारी तपासली. मॉड्यूलांची, म्हणजे कोडच्या स्वतंत्र तुकड्यांची, संख्या तर वाढत होतीच, पण प्रत्येक आवृत्तीत एकूण मॉड्यूलांपैकी ज्यांना हात लावावा लागे त्यांचे प्रमाणही वाढत होते. या अभ्यासातून निघालेल्या नियमांची संख्या १९९६ पर्यंत आठ झाली. या चर्चेसाठी त्यांतले पहिले दोन पुरेसे आहेत. प्रत्यक्ष जगात वापरली जाणारी प्रणाली सतत बदलत राहिली नाही, तर ती हळूहळू गैरसोयीची होत जाते. आणि ती बदलत राहिली, तर मुद्दाम श्रम घेऊन गुंता कमी केल्याशिवाय तो वाढतच जातो.

यातली पहिली गोष्ट केवळ बाहेरचे कायदे किंवा यंत्रे बदलतात म्हणून घडत नाही. प्रणाली स्वतःच आपल्या वापरकर्त्यांना बदलते. शोधाची सोय वेगवान झाली की लोक कागदपत्रे वर्गवारीने ठेवणे सोडून देतात, मग सगळा भार शोधावर येतो आणि काल पुरेसा वाटणारा शोध आज अपुरा ठरतो. दुसरी गोष्ट एका विषमतेतून येते. नवी अट जोडणाऱ्याला आसपासच्या चार ओळी समजल्या तरी काम भागते. जुनी अट काढून टाकणाऱ्याला मात्र तिच्यावर कोठेही कोणीही अवलंबून नाही, याची खात्री करून घ्यावी लागते. जोडणे स्वस्त आणि काढणे महाग असल्यामुळे, प्रत्येक जण शहाणपणाने वागला तरी एकूण बेरीज वाढीचीच होते.

नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९९८ मध्ये त्यांनी ब्राउझरचा कोड खुला केला, त्याच वर्षी पाने मांडणारे जुने इंजिन सोडून नव्याचा रस्ता धरला आणि चौथ्या आवृत्तीनंतरची मोठी आवृत्ती, म्हणजे सहावी, थेट नोव्हेंबर २००० मध्ये बाहेर आली. तोपर्यंत बाजार मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररकडे गेला होता.

कर्नलवाचक

निष्कर्षाशी मी बराचसा सहमत आहे, पण ज्या पायावर तो उभा केला आहे त्याच्याशी अजिबात नाही. लेहमन यांचे नियम एकेका संस्थेच्या आत, ठरावीक व्यवस्थापनाखाली वाढलेल्या मोजक्या प्रणालींवरून बांधलेले होते. गुंता वाढतो आणि त्यामुळे वाढीचा वेग मंदावतो, अशी त्यातून अपेक्षा निघत होती. २००० मध्ये मायकेल गॉडफ्री आणि चियांग टू यांनी लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, इतिहास मोजला, तेव्हा नेमके उलटे दिसले: वीस लाख ओळींच्या पुढे गेलेला तो प्रकल्प मंदावण्याऐवजी अधिकाधिक वेगाने वाढत होता.

याचे कारण वाढ कोठे झाली यात आहे. त्या कोडचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या कोडचा, होता आणि एका ड्रायव्हरला दुसऱ्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. म्हणजे आकार वाढला तरी गुंता त्या प्रमाणात वाढलाच पाहिजे असे नाही. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका मॉड्यूलच्या आत लपवावा, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच सांगितले होते. आपण ज्याला नियम म्हणता, तो रचनेकडे झालेल्या दुर्लक्षाचा परिणाम आहे.

शिवाय लिनक्समध्ये एक व्यवस्था जाणीवपूर्वक सांभाळलेली आहे, जिच्याकडे या चर्चेत लक्ष जायला हवे. वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम ज्या सीमेवरून कर्नलशी बोलतात ती सीमा मोडायची नाही, याबद्दल लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स अत्यंत आग्रही राहिले आहेत. परंतु कर्नलच्या आतील इंटरफेस, म्हणजे त्याचे भाग एकमेकांशी ज्या ठरलेल्या रीतीने बोलतात त्या, कधीही बदलता येतात, आणि जो बदलतो त्यानेच मूळ संग्रहातील त्या इंटरफेसचे सगळे वापर दुरुस्त करायचे असतात. म्हणजे काढून टाकण्याचा जो खर्च आपण सांगितला, तो येथे शिस्तीने आटोक्यात ठेवला आहे.

नवनिर्माण

मूळ मांडणीशी मी असहमत आहे आणि नेटस्केपची गोष्ट अर्ध्यावर थांबवली जाते याचे मला खरोखर वाईट वाटते. त्या नव्या लेखनातून जे गेको इंजिन तयार झाले, त्याच्यावरच नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली आणि ब्राउझरांची स्पर्धा पुन्हा जिवंत झाली. कंपनीचे नुकसान झाले, हे मान्य. पण सॉफ्टवेअरची वंशावळ टिकली ती नव्या पायामुळे.

काही निर्णय इतके तळाशी असतात की वरून कितीही डागडुजी केली तरी ते बदलत नाहीत. ॲपलच्या जुन्या मॅक ओएसमध्ये एका प्रोग्रॅमची स्मृती दुसऱ्यापासून सुरक्षित नव्हती, त्यामुळे एक कोसळला की अनेकदा संपूर्ण यंत्र बंद पडे. आधुनिक सोयी आणताना जुन्याशी जुळवून घेण्याचा कोपलँड नावाचा मोठा प्रयत्न झाला आणि तो १९९६ मध्ये सोडून द्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलने नेक्स्ट कंपनी विकत घेण्याचे ठरवले आणि मार्च २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आली. हळूहळू बदल करत राहण्याचा आपला सल्ला तेथे पाळला असता, तर काय उरले असते?

संहिताकार

@नवनिर्माण, आपले उदाहरण माझ्या बाजूने बोलते. ॲपलने कोऱ्या पानापासून सुरुवात केली नाही. नेक्स्टची प्रणाली १९८९ पासून लोकांच्या हातात होती, तिचा पाया युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीचा होता आणि तिच्यात प्रत्यक्ष वापरातून आलेल्या असंख्य दुरुस्त्या आधीच मुरलेल्या होत्या. एका परिपक्व प्रणालीने दुसरीची जागा घेतली. त्यावेळीही जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून क्लासिक हे वातावरण आणि जुना कोड थोड्या बदलांनिशी नेता यावा म्हणून कार्बन ही सोय द्यावी लागली.

@कर्नलवाचक, दुसऱ्या नियमात ‘श्रम घेतल्याशिवाय’ ही अट आहेच. आपण वर्णन केलेली शिस्त म्हणजे तेच श्रम होत. मात्र आकार आणि गुंता यांत फरक करायला हवा, हा आपला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण ओळी मोजणे सोपे असल्यामुळे या क्षेत्रात पुष्कळदा तेवढेच मोजले जाते.

रेषांकित

एक छोटा आक्षेप. डोनाल्ड क्नुथ यांनी १९९० मध्ये टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत यापुढे केवळ चुका दुरुस्त होतील, असे जाहीर केले आणि तिचा आवृत्ती क्रमांक गणितातल्या पायच्या (π) किमतीकडे सरकत ठेवला; २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. ती आजही वापरात आहे. मग न बदलणारी प्रणाली गैरसोयीची होते, हा नियम सरसकट कसा मानावा?

संहिताकार

टेक स्थिर राहू शकली, कारण बदल तिच्या भोवती घडला. पीडीएफ थेट तयार करणे आणि जगातील सर्व लिप्या हाताळणे या गरजा पीडीएफटेक, झीटेक, लुआटेक या टेकवरून निघालेल्या प्रणालींनी पेलल्या, आणि बहुतेक लोक प्रत्यक्षात टेकवर उभ्या असलेल्या लाटेकच्या पॅकेजांशीच (जोड-संचांशीच) व्यवहार करतात, ती तर सतत बदलत असतात. गाभा गोठवता येतो, पण त्यासाठी बदलाला दुसरीकडे जागा करून द्यावी लागते.

देखभालकर्ता

वरील सर्व प्रतिसादांत एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे गुंता कमी करण्याचे श्रम घेणार कोण. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरील संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष उघड झाला, तेव्हा जगातील असंख्य सर्व्हर ज्या लायब्ररीवर (इतर प्रोग्रॅमांना वापरता येणाऱ्या तयार कोडवर) विसंबून होते, तिच्या देखभालीला अत्यंत थोडी माणसे आणि अत्यंत थोडा पैसा होता, हे सर्वांसमोर आले. त्यानंतर ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या मंडळींनी तिची लिब्रेएसएसएल ही शाखा, म्हणजे वेगळी वाढवलेली प्रत, काढून सुरुवातीच्या काही दिवसांतच हजारो ओळी वगळल्या. त्यांतल्या अनेक ओळी कालबाह्य यंत्रणांसाठी होत्या. तोवर काढण्याची मुभा, वेळ आणि जबाबदारी एकाच ठिकाणी कधी आलीच नव्हती.

मूळ मांडणीशी माझा मतभेद येथेच आहे. ‘बदल करत राहा’ हा सल्ला आतल्या भागासाठी योग्य आहे. सीमेवर तो पुरत नाही. युनिक्सची वेळ, म्हणजे १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद, ३२ बिटांत साठवणाऱ्या प्रणालींचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. लिनक्स कर्नलमधील त्यासाठीचे काम अनेक वर्षे तुकड्यातुकड्यांनी चालून २०२० च्या ५.६ आवृत्तीपर्यंत बहुतांशी उरकले, ते आतला भाग मोकळेपणाने बदलता येतो म्हणून. पण लिनक्सवर आधारित डेबियन या कार्यप्रणालीला काही ३२ बिट यंत्रांसाठी हीच वेळ ६४ बिटांवर न्यायची होती, तेव्हा एकमेकांवर अवलंबून असलेली हजारो पॅकेजे २०२४ मध्ये एकत्रच पुन्हा बांधावी लागली, कारण लायब्ररीने आकार बदलला आणि तिला वापरणारा प्रोग्रॅम जुनाच राहिला, तर दोघांचा हिशेब जुळत नाही. जुन्या फाइलींच्या रचना आणि ज्यांचा मूळ कोडच हाती नाही असे प्रोग्रॅम तर त्यानंतरही तसेच राहतात. नव्याने लिहावे की नाही, हे ठरवण्याआधी बदलायची गोष्ट सीमेच्या कोणत्या बाजूला आहे, हे मी विचारीन, आणि ती सीमेवरच असेल तर दोन्ही बाजूंच्या लोकांना एका तारखेवर आणण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही.