भित्रा, बुजरा की भागूबाई?

भाचा न्यू जर्सीत असतो, वय वर्षं ६. दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर मी त्याला गोष्ट वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी असलं तरी मावशीने मराठीतच वाचायचं, हा त्याच्या आईचा नियम. या वेळी हॅलोवीनचं चित्रपुस्तक आहे. एक मुलगा अंधाराला घाबरतो, वर्गातली पोरं त्याला 'स्केअरडी-कॅट' म्हणतात, आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्री त्याला सोंग घेऊन बाहेर पडायचंय. मी पहिल्याच पानावर अडकले. त्याला काय म्हणू? भित्रा, भेकड, घाबरट, लाजाळू? आणि त्या मांजराचं काय करू? आपल्याकडे भित्रा म्हणजे ससा, फार तर शेळी.

*

भित्री भागूबाई! यात विचार कसला करायचा?

*

मुलग्याला हिणवायला बाईचं नाव. मला खटकतं हे.

*

खटकू दे की. चिडवणारी पोरं सभ्य शब्द कुठून आणणार? त्यांच्या तोंडी भागूबाईच शोभते. मात्र गोष्ट सांगणाऱ्याने तिला हात लावू नये. 'भेकड' तर नकोच, तो मोठ्या माणसावर मारायचा शिक्का आहे. शेळपट, नेभळटही तसेच. 'लाजाळू'ला लोकांच्या नजरेचा त्रास होतो, अंधाराचा नाही. मी 'बुजरा' म्हणेन. बैल बुजतो, घोडा बुजतो. अनोळखी काही दिसलं की अंग चोरतो, सवय झाली की चालू लागतो.

*

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' असं नावच द्या ना पुस्तकाला.

*

मग ब्रह्मराक्षस म्हणजे काय ते सांगा, मुंजा वेगळा आणि समंध वेगळा तेही सांगा. त्याची आई मला परत फोन लावायची नाही.

पण माझी दुसरी अडचण. 'चिडवणे' म्हणजे समोरच्याला चिडायला लावणे. हा मुलगा चिडतच नाही, गप्प बसतो. मग पोरं त्याला 'चिडवतात' म्हणायचं का?

*

व्याकरण बरोबर, वापर तसा नाही ताई. आमच्या वर्गात मुकाट रडणाऱ्यालाच जास्त चिडवायचे. (मीच तो.) पण चित्र बघून शब्द निवडा. जीभ काढून त्याच्यासारखं तोंड करत असतील तर 'वेडावतात'. पुन्हापुन्हा टोचून बोलत असतील तर 'डिवचतात'. सगळे मिळून हसत असतील तर 'टर उडवतात'. फक्त 'छेड काढतात' लिहू नका, मराठीत त्याची थेट पोलीस केस होते.

*

चौथ्या पानावर चक्क वेडावतायत! धन्यवाद. 'ट्रिक ऑर ट्रीट'ला मी 'खाऊ देता की खोडी काढू?' केलंय.

*

झकास. आणि 'सोंग' हा शब्दही सोडू नका, कॉस्च्यूमपेक्षा तोच बरा. आमच्याकडे कोकणात शिमग्याला संकासूर येतो, काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवतात आणि तो मागे लागला की आईच्या पदरात शिरतात. तिथे भागूबाई कोण नसतं?

*

आता खरी गोची. तो मुलगा शेवटी सोंग घेतो स्केअरक्रोचं. स्केअरडी आणि स्केअरक्रो, इंग्रजीत दोन्हीकडे तोच 'स्केअर'. सगळी गंमत त्यावर उभी आहे: घाबरणारा मुलगा घाबरवणारा होतो. मराठीत 'भित्रा' आणि 'बुजगावणं', काही जुळतच नाही.

*

अहो, वर काय लिहिलंय? बुजरा! पाखरांना बुजवतं ते बुजगावणं. 'बुजणे' दोन्हीकडे आहेच.

*

अगंबाई! तीन दिवस मी 'भित्रा' धरून बसले होते.

*

खड्डा बुजवतात तो 'बुजवणे' वेगळा हं, नाहीतर कुणीतरी त्यावरूनही वाद घालेल.

*

घालणारच होतो.

*

वाचून झालं. 'बुजरा बुजगावणं झाला' यावर भाचा हसला, मग विचारलं, बुजगावण्याला रात्री शेतात एकट्याला भीती वाटत नाही का? मला काही सुचलं नाही. एकच राहिलं: शेवटच्या पानभर मोठ्ठं 'बू!' आहे. मी तसंच वाचलं, पण मराठी भूत 'बू' म्हणतं का हो?

*

छे. 'भॉक्!'