आकार घटवण्याआधी आदेशाने ‘हो/नाही’ विचारावे का?

प्रश्न:
बीटीआरएफएस या लिनक्सवरील फाइलसिस्टमचा (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) आकार बदलणाऱ्या ‘फाइलसिस्टम रिसाइझ’ या आदेशात सुचवलेला एक बदल आमच्या गटाने माझ्याकडे तपासणीसाठी दिला आहे. या आदेशाला ‘-५०जी’ दिले तर आकार ५० जीबीने घटतो. उणे चिन्ह राहून गेले तर तो थेट ५० जीबीवर येतो. माझ्याच हातून हे झाले आहे. २०० जीबीचा व्हॉल्यूम १५० वर आणायचा होता, पण त्यात डेटा जेमतेम ३० जीबी असल्याने आदेश विनातक्रार पार पडला आणि चौथ्या दिवशी पहाटे बॅकअप जागेअभावी बंद पडला. प्रस्ताव असा की, नवा आकार जुन्यापेक्षा लहान असेल तर आदेशाने ‘हो/नाही’ विचारावे आणि ‘-वाय’ दिल्यास विचारू नये. याला मान्यता द्यावी का?

पहिले उत्तर:
माझे मत विरोधात आहे. एलव्हीएम या डिस्कची जागा वाटून देणाऱ्या लिनक्समधील व्यवस्थेचा, व्हॉल्यूम लहान करणारा ‘एलव्हीरिड्यूस’ हा आदेश असा प्रश्न विचारतो ते योग्यच आहे, कारण वरची फाइलसिस्टम आधी लहान केलेली नसेल तर तिथे डेटा खरोखरच कापला जातो. बीटीआरएफएस मात्र नव्या सीमेपलीकडचे चंक, म्हणजे डेटाचे मोठे तुकडे, आधी अलीकडे हलवते आणि जागा पुरली नाही तर त्रुटी देऊन थांबते. तुमच्या बाबतीतही डेटा गेला नाही, आणि ‘१५०जी’ देऊन आदेश पुन्हा चालवला असता तर चूक तिथेच दुरुस्त झाली असती. शिवाय, ज्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये (आपोआप चालणाऱ्या आदेशांच्या फाइलींमध्ये) ‘-वाय’ नाही त्या या प्रश्नापाशी अडकतील, त्याचे काय?

दुसरे उत्तर:
स्क्रिप्टांची अडचण सोडवता येते: इनपुट टर्मिनलवरून येत असेल, म्हणजे माणूस स्वतः आदेश टाइप करत असेल, तरच विचारावे. मात्र नुसते ‘खात्री आहे का?’ विचारले तर सवयीने ‘वाय’ दाबले जाईल, म्हणून प्रश्नातच ‘२०० जीबीवरून ५० जीबीवर, १५० जीबीने घट’ असे लिहिलेले असावे. चूक पकडली जाईल ती या आकड्यांमुळे. डेटा सुरक्षित राहतो हे मान्य, पण यानंतर लोक बहुधा विभाजनही (ज्या डिस्क-भागावर फाइलसिस्टम असते तो भागही) लहान करतात, आणि ते फाइलसिस्टमपेक्षा लहान झाले की प्रकरण गंभीर होते.

तिसरे उत्तर:
मला यापेक्षा उपकरण क्रमांकाची, म्हणजे फाइलसिस्टममधील प्रत्येक डिस्कला मिळणाऱ्या क्रमांकाची, बाब अधिक खटकते. आकाराआधी क्रमांक दिला नाही तर आदेश १ क्रमांकाचे उपकरण गृहीत धरतो. दोन डिस्कच्या संचातील दुसरी डिस्क ‘रिप्लेस’ या आदेशाने बदलून मोठी बसवली, तर नव्या डिस्कला जुनाच क्रमांक २ मिळतो, मग आकार म्हणून नुसते ‘मॅक्स’ (शक्य तेवढा मोठा) दिल्यास आदेश यशस्वी होतो, पण नव्या डिस्कवरची वाढीव जागा मोकळीच पडून राहते. तिथे ‘२:मॅक्स’ लिहावे लागते. येथे आकार घटत नसल्याने प्रस्तावातील प्रश्न विचारलाच जाणार नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. जुना व नवा आकार आणि उपकरण क्रमांक प्रश्नात दाखवावा, तसेच प्रश्न टर्मिनलपुरताच ठेवावा, अशा दुरुस्त्या सुचवून मी प्रस्ताव परत पाठवतो. एकाहून अधिक उपकरणे असताना क्रमांक सक्तीचा करावा का, यासाठी वेगळा प्रस्ताव मांडावा लागेल.